मिस्टर टिफिन झालेला माणूस

सिडनी हॅलोवेल दारातून नुसते आत येत नसत. काचेच्या दारापलीकडे क्षणभर थांबायचे, टायची गाठ चाचपायचे, खांदे सरळ करायचे आणि मगच पाऊल आत टाकायचे. बाहेर ॲरिझोनातल्या चँडलर गावचं जून महिन्यातलं ऊन, गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसेल असं, आणि हा सत्तरीचा उंच, किडकिडीत गृहस्थ पूर्ण कोट-टायमध्ये. मी तेव्हा तिथल्या वाचनालयात काउंटरवर बसत असे. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना दार ढकलणं जमत नाहीये, म्हणून मी धावत जाऊन ते उघडलं. ते जरा खट्टू झाले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझी एन्ट्री खाल्लीत."

नट होते. इंग्लंडमधल्या धुराने भरलेल्या नाट्यगृहांत चाळीस वर्षं काढून छाती खराब झालेली, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत येऊन राहिले होते. फीनिक्सजवळच्या एका डिनर थिएटरमध्ये कामं करायचे. लोक टेबलांवर जेवत असतात आणि समोर नाटक चालू असतं, तसल्या जागी. "अमेरिकेत इंग्रज नटाला दोनच कामं मिळतात," ते सांगत, "बटलर किंवा खुनी. माझं तोंड बघून कुणाला खून पटत नाही, म्हणून मी बटलर."

माझ्या बिल्ल्यावरचं 'मेश्राम' वाचून त्यांनी मला उच्चार विचारला होता. मी सांगितला. त्यांनी चार वेळा म्हणून पाहिला, चौथ्यांदा बरोबर आला तेव्हा मान तुकवली. "कुणाच्या नावाचा उच्चार चुकवणं म्हणजे त्याच्या पायावर पाय देऊन उभं राहणं," असं काहीसं म्हणाले. इतर कुणी गोरा माणूस या गोष्टीसाठी इतका थांबलेला मला आठवत नाही. मला ते फार सभ्य वाटलं. त्यामागे काही असेल असं मनातही आलं नाही.

शनिवारी सकाळी मुलांना गोष्टी सांगायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. आमची नंदिनी तेव्हा आठ वर्षांची. आपण चालवत असलेलीच बस शोधत गावभर फिरणाऱ्या ड्रायव्हरची एक गोष्ट त्यांनी स्वतः रचली होती. ती सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे, उलट ते अधिकाधिक काळजीत पडत. मुलं गालिच्यावर लोळून हसायची. नंदिनी घरी येताना म्हणाली, "आई, ही इज सो फनी! कॅन वी कीप हिम?"

अशाच एका शनिवारी गोष्ट संपल्यावर एका मुलाची आई त्यांच्याकडे जवळजवळ धावत गेली. काही वर्षं ती इंग्लंडमध्ये राहिलेली असावी. "ओ माय गॉड, तुम्ही मिस्टर टिफिन!" ती ओरडली. "एकदा करून दाखवा ना, प्लीज!"

हॅलोवेल तिच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"मॅडम, तो वारला," ते म्हणाले. बाई खदखदून हसली. हॅलोवेलनी आपली टोपी उचलली आणि खाली मान घालून निघून गेले.

मी काउंटरवर बसून राहिले. हातातली पुस्तकं तशीच.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला आम्ही चार वर्षं इंग्लंडमध्ये होतो. एका लहानशा औद्योगिक गावात यंत्रांचा कारखाना होता, तिथे माझा नवरा वसंत ड्रॉइंग ऑफिसात इंजिनिअर होता. त्या काळात टीव्हीवर दर आठवड्याला एक विनोदी मालिका लागायची. रेल्वे स्टेशनवरचं हरवलेल्या सामानाचं ऑफिस, आणि तिथला भारतीय कारकून मिस्टर टिफिन. तोंडाला तपकिरी रंग फासलेला, डोक्यावर कसलीशी पगडी, मान सारखी डोलतेय, आणि कुणी काही विचारलं की ठरलेलं वाक्य: "व्हेरी सॉरी, व्हेरी सॉरी, नॉट माय डिपार्टमेंट!" अख्खा देश त्यावर हसत होता. रंगाखालचा माणूस कोण, हे जाणून घ्यावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

कारखान्यात वसंतला कुणी वसंत म्हणत नसे. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. नाताळच्या पार्टीत त्याच्या फोरमनने माझी ओळख करून घेताना त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा आमचा टिफिन!" वसंत हसला. त्याचं ते हसू मी अजून विसरलेली नाही. नागपूरच्या वस्तीत ज्या नावांनी त्याच्या आजोबांना हाका मारल्या जात, ती पुसायला त्याच्या घराण्याने दोन पिढ्या घालवल्या होत्या. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मुलाला कंदिलाखाली बसवून शिकवलं, इंजिनिअर केलं, विलायतेला पाठवलं. आणि तिथे त्याला हे नाव मिळालं.

त्यानंतर वसंत इंग्रजी बोलायचाच बंद झाला. कामापुरतं बोले, तेवढंच. पुढे चँडलरच्या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीत त्याचे रिपोर्ट लोक वाखाणत, पण मीटिंगमध्ये तो गप्प. हॉटेलात ऑर्डर मी द्यायची, शाळेत टीचरशी मी बोलायचं. स्वभावच तसा, असं मी लोकांना सांगत असे.

त्या शनिवारी संध्याकाळी वसंत भेंडी चिरत होता तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "मी नंदिनीला आता तिथे पाठवणार नाही."

त्याने चिरणं थांबवलं नाही. भेंडी संपल्यावर म्हणाला, "त्यांना जेवायला बोलाव."

"कशाला?"

"मला एक विचारायचंय."

त्यानंतर दोन आठवडे हॅलोवेल वाचनालयात फिरकले नाहीत. मी फोन केला. पलीकडून आधी दम लागलेला श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "मिसेस मेश्राम, यायलाच हवं का?"

"हो," मी म्हटलं.

रविवारी दुपारी आले. दार वसंतने उघडलं. या खेपेला हॅलोवेल दाराबाहेर थांबले ते एन्ट्रीसाठी नव्हे. वसंतने "या" म्हटलं, तेव्हा आत आले. वरण-भात, भरली वांगी असा बेत होता. नंदिनी उठून अंगणात गेली तसा वसंतने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं इंग्रजीत विचारलं:

"ते चालणं कुणाचं होतं?"

हॅलोवेलनी मान वर केली.

"पगडी खोटी होती. बोलणं खोटं होतं. पण चालणं खरं होतं. माझे एक काका तसेच चालत. तुम्ही कुणाचं घेतलंत?"

हॅलोवेलनी चमचा ताटात ठेवला. "आजवर हे मला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गल्लीच्या टोकाला दवे नावाच्या गुजराती गृहस्थांचं औषधांचं दुकान होतं. हॅलोवेलची आई अंथरुणाला खिळलेली, हे स्वतः दौऱ्यावर. दवे दुकान बंद करून तीन जिने चढून म्हातारीची औषधं पोहोचवायचे. एक पाय किंचित ओढत चालायचे. म्हातारी डॉक्टरांच्या नावाने खडे फोडू लागली की मान डोलवून हसत म्हणायचे, "नॉट माय डिपार्टमेंट, मॅडम."

"मला टिफिनचं काम मिळालं तेव्हा मी हे सगळं उचललं. पाय, मान, वाक्य. मला अभिमान होता हो त्याचा! मी त्यांना स्टुडिओत बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. सूट घालून, बायकोला घेऊन आले. सगळे हसत होते. त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. रागाने नव्हे. दुकानात गेलो की बाटली पुढे ठेवायचे, आणि मान ताठ धरायचे. जराही हलू नये म्हणून जपायचे. आईकडे येणं मात्र त्यांनी सोडलं नाही, ती जाईपर्यंत. फक्त तिच्याकडेही गप्प असायचे. मिस्टर मेश्राम, मी त्या माणसाची मान चोरली."

वसंत म्हणाला, "मीही बोलणं सोडलं."

हॅलोवेलनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "मला तुम्हाला सॉरी म्हणायचंय. पण त्या शब्दाची मला भीती वाटते. त्यावर लोक इतकी वर्षं हसलेत."

वसंतने भाताचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं. "भात घ्या," तो म्हणाला. मराठीत.

त्यानंतर ते रविवारी येऊ लागले. दोघं मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली खुर्च्या टाकून बसत. बोलत फारसं काही नसत. पण वसंतला कुणाजवळ तरी बसावंसं वाटतंय, हेच मला नवीन होतं.

पुढल्या वर्षी तिथल्या एका टीव्ही केंद्राने ती जुनी मालिका विकत घेतली. लोकांच्या देणग्यांवर चालणारी अशी केंद्रं अधूनमधून कार्यक्रम थांबवून प्रेक्षकांना आवाहन करत. त्या आवाहनाच्या दिवशी पाहुणे म्हणून हॅलोवेलना बोलावणं आलं. पत्र घेऊन ते लगेच आमच्याकडे आले. "मेकअप रूम, मिसेस मेश्राम! किती वर्षांनी!" ते म्हणाले, आणि लगेच शरमले. मग वसंतकडे वळून विचारलं, "जाऊ का?"

"मला विचारू नका," वसंत म्हणाला. मग म्हणाला, "जा. पण दव्यांबद्दल सांगा."

हॅलोवेलनी ते मनावर घेतलं. आठवडाभर आमच्या अंगणात ते वाक्यं घोकत येरझाऱ्या घालत होते.

कार्यक्रम आम्ही तिघांनी घरी बसून पाहिला. आधी मालिकेतला एक तुकडा दाखवला, मग हॅलोवेल दिसले. बो-टाय, केस नीट बसवलेले. त्यांच्यामागे फोन घ्यायला बसलेले स्वयंसेवक. निवेदक म्हणाला, "सिडनी, तो आवाज एकदा होऊन जाऊ दे!"

"तो माझा नव्हता," हॅलोवेल म्हणाले. "तो एका औषधविक्रेत्याचा होता. त्यांनी माझ्या आईला औषधं आणून दिली, आणि मी त्यांची मान चोरली."

हशा पिकला.

ते थांबले. हसू ओसरायची वाट बघत राहिले. पण त्यांच्या त्या थांबण्यातच अशी काही जादू होती की लोक आणखी हसले. "मी गंभीरपणे बोलतोय," ते म्हणाले. काळजीने त्यांचा चेहरा ओढला गेला होता, आणि तोच चेहरा बघून मागचे स्वयंसेवक फोनवर वाकून हसू लागले. नंदिनीही हसली. मग तिने बापाकडे पाहिलं आणि गप्प झाली.

"मी माफी मागायला आलोय," हॅलोवेल कसेबसे म्हणाले. "आय ॲम सॉरी. आय ॲम व्हेरी सॉरी."

यावर तर सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. निवेदक डोळे पुसत होता. हॅलोवेल एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी लवून अभिवादन केलं. वसंतने टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी आमच्या घरासमोर येऊन उभी राहिली. ते उतरेनात. मी खिडकीतून पाहत होते. शेवटी वसंत बाहेर गेला आणि दार उघडून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. काय बोलले ते मला ठाऊक नाही. आत आल्यावर हॅलोवेल मला एवढंच म्हणाले, "लोकांना हसवायला शिकलो. त्यांना थांबवायचं कसं, ते शिकायचं राहूनच गेलं."

डिनर थिएटरमधलं काम त्यांनी सोडलं. कारण छातीचं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. हिवाळ्यात दम इतका वाढला की हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायला डॉक्टरांची बंदी. वसंत रोज कामावरून परस्पर तिकडे जाई. एकदा मी डबा घेऊन गेले, तर खोलीच्या दाराशीच थबकले.

आत वसंत बोलत होता. इंग्रजीत, न अडखळता. फोरमनचं सांगत होता. कँटीनमध्ये एकटाच बसून जेवायचा, ते टेबल कुठे होतं ते सांगत होता. आपलीही मान डोलते की काय, हे तपासायला कारखान्याच्या बाथरूममध्ये आरशासमोर उभं राहून स्वतःशी बोलून पाहायचा, तेही सांगितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यातलं एक अक्षर माझ्या कानावर आलं नव्हतं. हॅलोवेल त्याच्यावरची नजर न काढता ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून मास्कच्या पट्टीत जिरत होतं, पण त्यांनी ते पुसायला हात उचलला नाही. मी डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले.

इंग्लंडमध्ये त्यांची एक बहीण होती. आम्ही तिला कळवलं. महिन्याभराने तिचं पत्र आलं, सोबत वर्तमानपत्राचं कात्रण. 'मिस्टर टिफिन यांचं निधन' असा मथळा, आणि खाली तो रंग फासलेला, पगडीतला फोटो. चाळीस वर्षांची रंगभूमी एका ओळीत उरकली होती. बहिणीने लिहिलं होतं, सिडनीने शेवटच्या पत्रात एक काम सांगितलं होतं म्हणून मी दव्यांच्या दुकानात जाऊन आले. दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. दवे खूप थकलेत, मागच्या खोलीत बसून असतात. सिडनी गेला, आणि त्याला तुमची क्षमा मागायची होती, असं मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "औषधं वेळेवर मिळत होती ना त्यांना?" मला ते माहीत नव्हतं. तुम्ही कळवाल का?

मी उत्तर लिहायला कागद घेतला. वसंतने तो माझ्या हातातून घेतला, टेबलाशी बसला आणि दव्यांच्या नावानेच पत्र लिहिलं. मिळत होती, वेळेवर मिळत होती, मी रोज तिथे जात होतो, असं लिहिलं. खाली पूर्ण नावाने सही केली, वसंत मेश्राम.