मावसाजींची एकट्याची आफ्रिका

आमच्या मावसाजींना आफ्रिका जेवढी माहीत होती तेवढी ती खुद्द आफ्रिकेलाही माहीत नसावी, असं सगळ्या नांदुऱ्याचं मत होतं. ते कौतुकानं मांडायचं की वैतागानं, एवढ्यावरच गावात दोन तट होते. मावसाजींची कापसाची अडत होती. गाडीवान गाडी सोडून माल दाखवायला आला की ते मूठभर कापूस हातात घेत, बोटांनी धागा ओढून पाहत आणि तिथून थेट नाईल नदीच्या काठावर जात. तिथला कापूस कसा लांब धाग्याचा, तो कुणी पेरला, कुणाच्या राजवटीत वाढला, हे सगळं सांगून ते परत येईपर्यंत गाडीवानाचे बैल शेजारच्याचा ढीग निम्मा फस्त करून मोकळे झालेले असत. त्यांच्या स्वतःच्या बैलांची नावं नायजर आणि झांबेझी. सालदाराच्या जिभेला ती पेलत नव्हती, म्हणून तो 'नायज्या' आणि 'झांब्या' म्हणे. मावसाजी दर वेळी उच्चार सुधारून देत आणि तेवढ्यात बैल बांध ओलांडून जात.

हे वेड लागलं ते एका आरामखुर्चीमुळे. कोणे एके काळी एक साहेब बदली होऊन निघाला, त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला आणि मावसाजी खुर्ची घ्यायला गेले. खुर्चीबरोबर पुस्तकांची एक पेटी गळ्यात पडली. खुर्ची महिनाभरात मोडली, पेटी राहिली. साहेबाची आधीची नोकरी पूर्व आफ्रिकेत झालेली, त्यामुळे पेटीत दुसरं काही नव्हतंच. मावसाजी डिक्शनरी मांडीवर घेऊन ती पुस्तकं वाचायला बसले आणि मग पुष्कळ वर्षं उठलेच नाहीत, असं मावशी म्हणायची. त्या पेटीत युरोप निघाला असता तर ते युरोपचे झाले असते, असं मी एकदा गमतीनं म्हणालो. ते गंभीरपणे म्हणाले, "नाई बे. युरोपाले सांगाले लय माणसं हायेत. याइच्याकून कोण बोलते?"

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं. ज्याला त्याला मुंबई आपली वाटू लागली होती आणि आमच्याकडचे लोक ती पाहायला जथ्याजथ्यानं जात होते. मावसाजीही गेले, पण मुंबईकडे न पाहता सरळ बंदराजवळच्या एका प्रवास कंपनीच्या कचेरीत. तिथल्या कारकुनानं सांगितलं, आफ्रिकेला हल्ली पार्टी जाते, तुम्ही पार्टीत या. मावसाजींनी मान हलवली. "पार्टी नको. पार्टीत माणूस दुसऱ्याच्या पोटदुखीचा इतिहास आयकते. मले एकट्याले पाठवा, आन् संगं एक जाणकार माणूस द्या, जुन्या जागा दाखवणारा." सिंह, जिराफ काही नको का, असं कारकुनानं विचारलं. "जनावरं घरी हायेत," मावसाजी म्हणाले.

घरात या बातमीनं भूकंप झाला. भाऊ आले, व्याही आले, पन्नाशीच्या माणसानं समुद्र ओलांडून जुन्या भिंती पाहायला जायचं म्हणजे काय, यावर दिवसभर चर्चा झाली. मावशी मात्र काही बोलली नाही. तिनं ज्वारीचं पीठ, चटणी, लोणचं, लाडू असं सगळं बांधून दिलं. सगळे पांगल्यावर मावसाजी तिला म्हणाले, "तू काऊन बोलत नाई?" ती म्हणाली, "एकट्याचंच हाये ना तुमचं जाणं? मंग मी काय बोलू?" या बोलण्यात एक दार उघडं होतं, हे मला ओसरीवर बसून कळलं. झांझिबारच्या सुलतानांची वंशावळ पाठ असलेल्या माणसाला ते कळलं नाही. "हाव, एकट्याचंच," असं म्हणून ते टोपी झटकायला लागले.

तर मावसाजी गेले. धोतर, काळा कोट, काळी टोपी आणि पिठाचा डबा, अशा थाटात बोटीनं मोंबासाला उतरले. समुद्राविषयी त्यांचं मत, "लय पानी हाये, पन कामाचं नाई." बंदरावर त्यांचा जाणकार उभा होता. हमजा नावाचा किडकिडीत म्हातारा, डोक्यावर पांढरी विणलेली टोपी. तो तिथल्या स्वाहिली बोलीत म्हणाला, "हबारी?" मावसाजींना त्यात खबर ऐकू आली आणि ते म्हणाले, "खबर चांगली हाये." मग तो मोटारीकडे हात करून म्हणाला, "गारी तयारी." मावसाजी तिथंच उभे राहून हसत सुटले. माझ्याकडे पुण्याला आले असताना एका हॉटेलातल्या पोऱ्यानं त्यांचं बोलणं तीनदा वदवून घेऊन वर दात काढले होते, ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. "दवा म्हंजे दवा, चाय म्हंजे चाय, दुनिया म्हंजे दुनिया!" परत आल्यावर ते मला ऐकवत होते. "पुण्यात मी परदेशी होतो बे. मोंबासात नाई."

हमजाला बंदरावरचं मोडकंतोडकं हिंदुस्तानी येत होतं, मावसाजींना मोडकंतोडकं इंग्रजी. त्या दोन मोडक्यांवर दोघांनी सगळा किनारा पालथा घातला. गेडी नावाचं एक जुनं शहर जंगलात बुडालेलं आहे. मशिदी, विहिरी, घरांच्या भिंती, आणि भिंतींवर चढलेली झाडं. हमजा एकेक ओसरी दाखवी आणि मावसाजी त्याला सिंदखेडच्या जुन्या वाड्याच्या भिंतींची जाडी सांगत. शेवटी हमजा एका विहिरीच्या काठावर बसला आणि म्हणाला, "बाबू, आज गाईड तुम. मैं घूमने आया." हा आपला सत्कार झाला असंच मावसाजी अखेरपर्यंत समजत होते.

ते परतले तेव्हा शाळेच्या पटांगणात त्यांचं व्याख्यान ठेवलं. हार झाले, अध्यक्षांनी आफ्रिका हा देश किती मोठा आहे ते सांगितलं, आणि मावसाजींनी फळ्यावर किनारा काढून बोलायला सुरुवात केली. ते छान बोलत होते, पण लोक सिंहाची वाट पाहत होते. अखेर एकानं विचारलंच, "सिंव्ह पाह्यला का?" मावसाजी म्हणाले, "नाई." पटांगणभर निराशेची लाट गेली. "मंग काय पाह्यलं एवढ्या लांब जाऊन?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. मावसाजींनी घाईघाईनं झांझिबार उरकायला घेतलं. तिथं एक तळघर आहे, गुलामांना विकण्याआधी त्यात कोंडत, छत फार खाली आहे, एवढं बोलून ते पुढच्या गावाला निघाले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मावशी उभी राहिली. भर सभेत नवऱ्याला प्रश्न विचारणारी बाई गावानं तोवर पाहिली नव्हती. ती म्हणाली, "त्या तळघरात बाया होत्या का? लेकरं?"

मावसाजी तिच्याकडे वळले. खडू त्यांच्या हातातच होता. "होत्या," ते म्हणाले. "लेकरंबी होते." ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. अध्यक्षांनी चाणाक्षपणे आभार मानून टाकले. सिंह नाही तो नाहीच, वर वक्ता रडला, म्हणून व्याख्यान फसलं असं गावात ठरलं.

पण त्या दिवसानंतर एक गोष्ट बदलली. तोपर्यंत मावसाजी आफ्रिका सगळ्या गावाला सांगत आणि घरी येऊन जेवत. आता ते अडतीवर फारसं बोलेनासे झाले. माल पाहायचे, भाव सांगायचे, मोकळे व्हायचे. संध्याकाळी मात्र मावशी तांदूळ निवडायला बसली की समोर बसून तिला सांगायचे, आणि ती अडवून अडवून विचारायची. हमजाची बायको कशी होती, तिनं काय रांधलं होतं, त्या विहिरीवर पाणी कोण भरत असेल. यातलं एकही उत्तर पेटीतल्या पुस्तकांत नव्हतं. मावसाजींना आठवून आठवून सांगावं लागे आणि सांगता सांगता आपण काय काय पाहिलं ते त्यांनाच नव्यानं कळत असे. तिला घेऊन पुन्हा जायचं त्यांनी दोनदा ठरवलं. एकदा पीक गेलं, एकदा त्यांची छाती दुखायला लागली. मग ते राहिलंच.

मावसाजी गेल्यानंतर काही वर्षांनी मी नांदुऱ्याला गेलो होतो. मावशी अंगणात बसली होती आणि शेजारच्या सुना तिच्याभोवती कापसाच्या वाती वळत होत्या. ती म्हणत होती, "आम्ही झांझिबारले होतो ना, तवाची गोष्ट." एका सुनेनं हसून माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवर टेकलो.

"ते तळघर लय ठेंगणं," मावशी सांगत होती. "मी म्हणलं यायले, हळू उतरा, वाका जरा. पन हे कायले आयकतात! लागलं ना डोस्कं वरच्या दगडाले." आणि तिनं स्वतःच्याच कपाळावरून हात फिरवला.