महालक्ष्मीच्या पोटातले कागद

कॉलेजचं तोंड कधी न पाहिलेल्या घरातली मुलगी शिकवायची म्हणजे तिच्याआधी अख्खं घर शिकवावं लागतं. निवृत्तीनंतर मी हाच उद्योग मागे लावून घेतला आहे. त्या दिवशी मात्र माझा धीर सुटला होता. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातल्या प्रगतीचा अमरावतीत नर्सिंगला नंबर लागला होता. संध्याकाळपर्यंत मूळ कागदपत्रं दाखवली नाहीत तर जागा जाणार होती, आणि पोरगी फोनवर नुसती रडत होती. देवाला खरंच या पोरींचं काही पडलंय का, असं मनाशी चरफडत मी स्कुटी काढली.

तिच्या घरी पोचले तर महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाचा दिवस. पाहुण्यांनी ओसरी भरलेली, पुरणाचा घमघमाट. यादीत नाव आलं म्हणजे अ‍ॅडमिशन झाल्यातच जमा, आता कागद लागणार नाहीत, असं घरानं धरलं होतं. आणि वडिलांनी भक्तिभावाने पोरीचे सगळे कागद थोरल्या महालक्ष्मीच्या पोटात ठेवले होते. आमच्याकडे गव्हाने भरलेल्या पत्र्याच्या कोठीवर मुखवटा बसवून देवीला साडी नेसवतात. एकदा ती बसली की विसर्जनापर्यंत तिला कोणी हलवत नाही.

"मायच्या पोटात ठेवले तं अ‍ॅडमिशन पक्की होईन, असं वाटलं मॅडम," वडील म्हणाले. "आता कसे काढू? माय जेवाची हाय अजून. उद्या देतो."

उद्या ती जागा दुसऱ्या कोणाची झालेली असेल, एवढंच मी सांगितलं. रागवायला आले होते, पण त्या माणसाचे डोळे भरलेले पाहून राग तिथेच विरला.

तेवढ्यात प्रगतीची आई चुलीपासून उठली. हात धुऊन देवीपुढे बसली आणि माहेरी आलेल्या लेकीशी बोलावं तशी म्हणाली, "माय, हे बी लेकच हाय. तिच्यासाठी उठवून राहिली तुले. रागावू नको."

मुखवटा वडिलांनी कापड ठोसून घट्ट बसवला होता. विसर्जनाच्या वेळी तो काढायला दोघं लागतात म्हणे. आईने नुसता हात लावला आणि तो अलगद तिच्या ओंजळीत आला. कापड सैल असेल, असेलही. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला आणि हात कधी जोडले गेले ते कळलं नाही.

गव्हातून कागदांची पिशवी काढून प्रगती आणि मी निघालो. कॉलेजची खिडकी बंद व्हायच्या आत अ‍ॅडमिशन झाली. मी तिच्या आईला फोन केला.

"झालं? मंग आता बसवतो मायले," ती म्हणाली.

आम्ही निघाल्याबरोबर देवी पुन्हा बसवली असेल, असं मी धरून चालले होते. पण इतका वेळ प्रगतीची आई मुखवटा मांडीवर घेऊन बसली होती. नैवेद्य झाकलेला, पाहुणे उपाशी.

"पोरीचं झाल्याबिगर माय तरी कशी जेवन, मॅडम?"

पुढे प्रगती इंग्रजी पुस्तकांना घाबरून कॉलेज सोडून घरी आली होती. तेव्हा मी त्रागा केला नाही. आधी दिवा लावला, देवीला सांगितलं, मग तिला आणायला गेले. तिने कॉलेज पूर्ण केलं. या पोरींची काळजी करणारी मी एकटीच, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. माझ्याही आधीपासून कोणीतरी त्यांच्यासाठी उपाशी थांबलेलं असतं.