सरकवाताईंची बटणं

माझा वरचा पुढचा दात अर्धा आहे. तो ताईंनी तोडला, कीबोर्डने. लोक आधी हसतात आणि मग विचारतात, की बाबा, एवढं केलं तरी काय होतंस? ते सांगायला बसलं की त्यांचं हसू मावळतं. म्हणून मी सहसा जिन्यावरून पडलो असं सांगून मोकळा होतो. आज खरं सांगतो.

ताई आमच्या ऑफिसात प्रोग्राम लिहायच्या. ऑफिस म्हणजे नळाच्या तोट्या विकणाऱ्या दुकानावरच्या तीन खोल्या, सहा माणसं आणि एक कुरकुरणारा पंखा. पत्रा कापणाऱ्या यंत्रांना हुकूम देणारा प्रोग्राम आम्ही विकायचो. यंत्राशेजारी संगणक आणि त्याच्या पडद्यावर वरच्या बाजूला बटणांची ओळ असायची. या ओळीला टूलबार म्हणतात. 'पुढे घे', 'पकड', 'सोड', 'काप'. पडद्यावर बोट टेकवलं की यंत्र हलायचं. ताईंची वीस वर्षं या एका ओळीत गेली. त्यांचं म्हणणं एकच होतं: ही ओळ मी लावून देणार नाही, जो बसेल त्याने लावावी. प्रोग्राम चालू असतानाच बटण बोटाने दाबून धरायचं आणि ओढायचं. ते कुठे पडेल हे दाखवणारी एक बारीक रेघ उमटायची, तिथे सोडायचं. नको असेल तर ओळीबाहेर टाकायचं, पुन्हा हवंसं वाटलं तर यादीतून ओढून आणायचं. प्रोग्राम बंद करताना त्या माणसाच्या नावाने ती मांडणी लिहून ठेवली जायची. दुसऱ्या दिवशी त्याने नाव घातलं की बटणं जशीच्या तशी हजर. कुणी कसलीही तक्रार आणली की ताई म्हणायच्या, "मग सरकवा की!" पाठीमागे आम्ही त्यांना सरकवाताई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. ताई डावखुऱ्या. शाळेतले मास्तर लाकडी पट्टी उभी धरायचे आणि धारेने मारायचे. डाव्या हाताने अक्षर काढलं की बोटांवर बसायची. दुसरीत मधलं बोट मोडलं, तिसरीत त्याच्या शेजारचं. घरी वडिलांना मास्तरांचं भारी कौतुक. जेवताना ते ताईंचा डावा हात दोरीने खुर्चीच्या पाठीला बांधायचे आणि उजव्या हाताने सांडलं की कानाखाली ओढायचे. एकदा एवढी जोरात ओढली की त्या कानाने ताईंना अजून नीट ऐकू येत नाही. "डाव्या हाताने लिहिताना माझं कोपर शेजारणीला लागायचं," ताई म्हणाल्या, "एवढीच अडचण होती. मला नुसतं बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं असतं तरी भागलं असतं." डब्याचं झाकण पुसत पुसत त्यांनी हे सांगितलं. 

म्हणून ताई गरीब गाय होत्या असं कुणी समजू नये. आमच्या साहेबांनी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं, "लोकांना पत्रा कापायचाय, बटणं काय सजवत बसायचीत?" ताईंनी हातातला चहाचा कप भिंतीवर फेकला. कपाचा कान उडून साहेबांच्या भुवईला लागला आणि दोन टाके पडले. टूलबार राहिला. त्या दिवसापासून साहेब मीटिंगला कागदी कप मागवू लागले.

आता माझं काम. प्रोग्राम कारखान्यात नेऊन बसवून द्यायचा आणि माणसांना शिकवायचं. त्या वेळी एका पत्र्याच्या कारखान्यात गेलो होतो. कापायचं यंत्र एक, पाळ्या दोन. सकाळी सातला एक कारागीर यायचा, तो डावखुरा. दुपारी तीनला दुसरा, तो अंगापिंडाने मोठा, त्याला सगळे थोरला म्हणायचे. निघताना ताईंनी बजावलं होतं, "प्रत्येकाचं नाव वेगळं घाल. मांडणी नावावर चालते, विसरू नकोस."

मी नावं घालायला बसलो तर फोरमन वैतागला. "नावंबिवं कशाला? हे पासवर्ड विसरणार आणि माझ्या नावाने शंख करणार. दोघांचं मिळून एकच करून टाका."

मला घरी लवकर पोचायचं होतं. मी एकच नाव घातलं, 'कटर'. चार मिनिटांचं काम. आल्यावर ताईंनी विचारलं, "नावं घातलीस?" मी म्हणालो, "हो ताई, घातली." हा एवढाच माझा पराक्रम.

दीड महिन्यानंतरची गोष्ट. सकाळच्या कारागिराला उशिरा का होईना कळलं की बटणं हलतात. अकरा चाळीसला त्याने 'काप' आणि 'सोड' यांची अदलाबदल केली, कारण डाव्या हाताला ते सोयीचं होतं. तीनला थोरला आला. कामाला जोर यावा म्हणून पात्यापुढची लोखंडी जाळी फोरमनने कधीच काढून कोपऱ्यात उभी केली होती. तीन दहाला पत्रा तिरका अडकला. थोरल्याने तो सरळ करायला डावा हात पात्याखाली घातला, नजर पत्र्यावर ठेवली आणि उजवा हात सवयीने 'सोड'वर नेला. तिथे आता 'काप' होतं.

आवाज पत्रा कापताना येतो तेवढाच आला. थोरला ओरडलाही नाही. तो हाताकडे बघत उभा राहिला, आणि अंगठ्याच्या पुढे काही नव्हतं. रक्त पत्र्यावरून ओघळून खालच्या पेटीत पडत होतं, जिथे कापलेल्या कडा साठतात. सकाळचा कारागीर हातमोजे काढत होता. तो धावत आला आणि पेटीत दोन्ही हात घालून चाचपू लागला. धारदार कडांनी त्याचेही तळवे फाटले. चारातली तीन बोटं सापडली. ती परत जोडता आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी प्रोग्रामची नोंद मागवली. कुणी कधी कुठलं बटण सरकवलं आणि कधी दाबलं, सगळं त्यात येतं. साहेबांनी वाचलं: 'कटर'ने अकरा चाळीसला 'काप' सरकवलं, 'कटर'ने तीन दहाला 'काप' दाबलं. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्याने स्वतःच सरकवलं, स्वतःच दाबलं. आपण सुटलो! कारखान्याच्या मालकांनी कागद तयारच ठेवलाय, स्वतःच्या चुकीने अपघात झाला म्हणून. आज संध्याकाळपर्यंत त्याची सही झाली की विषय संपला." त्या कागदावर सही झाली की थोरल्याची नोकरी जाणार होती आणि बोटांची भरपाईही बुडणार होती. एका हाताच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतं?

"अकरा चाळीसला तो घरी होता, त्याची पाळी तीनला सुरू होते," ताई म्हणाल्या. मग त्यांनी नावांची यादी उघडली. यादीत एकच ओळ होती.

त्या माझ्याकडे वळल्या. मी बूट बघू लागलो. ताईंनी टेबलावरचा कीबोर्ड वायरसकट उपटला आणि माझ्या तोंडावर हाणला. दात तुटला तो कळलाच नाही, आधी जिभेला खडा लागला. शर्टभर रक्त. साहेब खुर्चीमागे लपले. ताई धापा टाकत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "थुंक ते, आणि चल. सही व्हायच्या आत पोचायचंय."

इस्पितळाच्या लांबट बोळात थोरल्याची बायको बाकावर बसली होती, मांडीवर तो कागद. शेजारी थोरल्याचा मोठा भाऊ उभा होता, गोदामात पोती उचलणारा, मान माझ्या मांडीएवढी. वाटेत ताई मला म्हणाल्या होत्या, "तुझं नाव मी घेणार नाही. तुझं तू घ्यायचंस." मी मान डोलावली होती.

ताई सरळ पुढे गेल्या. "सही करू नका. त्याची चूक नाही. ते बटण मी केलंय."

भावाला शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. "तूच का ती?" म्हणत त्याने ताईंना भिंतीवर आपटलं. ताई पडल्या. त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि डोक्यावर घातला असता, पण ताईंनी डावा हात मध्ये आणला. हाड मोडल्याचा आवाज मी दारामागून ऐकला. हो, मी दारामागे होतो, तोंडावर रुमाल धरून. नाव मी घातलं, एवढे तीन शब्द बोलायचे होते. दुसरा घाव त्याच हातावर बसला. तिसरा बोटांवर. ताई खालूनच ओरडत होत्या, "सही करू नका! सही करू नका!"

शेवटी थोरल्याची बायकोच उठली. तिने दिराच्या केसांना धरून त्याला मागे खेचलं. "भाऊजी, ऐका तरी! ती सही करू नका म्हणतेय!" तिने तो कागद फाडला, त्याचे तुकडे दिराच्या छातीवर फेकले आणि मग मटकन खाली बसून रडायला लागली.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "दोन बोटं आधीही मोडलेली दिसतात. कुणी?"

"मास्तरांनी."

"आणि आता?"

"दारात अडकला," ताई म्हणाल्या. डॉक्टर गेल्यावर त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "मार तुझा होता. मी खाल्ला." या वाक्यापुढे कीबोर्ड काहीच नव्हता.

दहा दिवसांनी कारखान्यात चौकशी झाली. सरकारी अधिकारी, मालक, फोरमन, आमचे साहेब, बँडेज बांधलेला थोरला, मागे त्याची बायको आणि भाऊ. ताईंचा हात प्लास्टरमध्ये. त्यांनी नोंद समजावून सांगितली, काढलेल्या जाळीबद्दल सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि 'काप' सरकवता येऊ दिलं, ही माझी चूक. वीस वर्षं मी सगळ्यांना म्हणत आले, सगळं सरकवा. पातं सरकवायचं नसतं. मला कळायला हवं होतं."

अधिकाऱ्याने विचारलं, "दोन माणसांना एकच नाव कुणी दिलं?"

फोरमन झटकन म्हणाला, "ते तसंच आलं होतं, साहेब."

टेबलाखाली आमच्या साहेबांनी माझ्या पायावर बूट रोवला. ताई खिडकीबाहेर बघत होत्या, एकदाही माझ्याकडे वळल्या नाहीत. नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी तेही केलं नाही. 

"मी," मी म्हणालो. तुटक्या दातातून हवा सुटली आणि शब्द फुसका निघाला, म्हणून पुन्हा म्हणालो. "मी दिलं. फोरमननी सांगितलं आणि मी आळसापोटी ऐकलं. ताईंना खोटं सांगितलं."

बाहेर पडल्यावर फोरमनने माझी गचांडी धरली आणि डोकं शटरवर आपटलं, दोनदा. सोडवायला आला तो थोरल्याचा भाऊ. त्याने फोरमनला बाजूला फेकलं, मला उभं केलं, नीट न्याहाळलं आणि दोन सणसणीत मुस्काटात ठेवून दिल्या. "त्या दिवशी कुठे होतास रे?"  मग तो ताईंसमोर जाऊन उभा राहिला, मान खाली घालून. ताई म्हणाल्या, "घरी जा." तो गेला.

थोरल्याला दोष लागला नाही, नोकरी राहिली, भरपाई मिळाली. साहेबांनी मला काढलं. ताईंना काढता येईना, त्या बटणांमागचा प्रोग्राम दुसऱ्या कुणाला वाचताच यायचा नाही. ताई म्हणाल्या, "तो नसेल तर बसवायला कोण जाणार?" तीन आठवड्यांनी मला परत बोलावलं.

थोरला कामावर आला त्या दिवशी आम्ही दोघं नवा प्रोग्राम घेऊन गेलो. आता तो उघडताच विचारतो, 'कोण बसलंय?' आणि नाव दिल्याशिवाय पुढे जात नाही. थोरल्याने उजव्या हाताच्या एका बोटाने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग एकेक बटण ओढून उजवीकडे लावू लागला. यंत्र थांबलेलं, माल पडलेला, पण कुणी घाई केली नाही. शेवटी त्याने 'काप' ओढून पाहिलं.

"ताई, हे हलत नाही."

"नाही हलणार. जाळी लावल्याशिवाय पेटणारही नाही."

 अंगठा उरलेला हात टेबलावर ठेवून तो म्हणाला, "आधीच असं केलं असतं तर..."

"हो," ताई म्हणाल्या. 

ताईंचं प्लास्टर निघालं होतं, पण डाव्या हाताची मूठ वळत नव्हती आणि आता वळणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑफिसात आल्यावर त्या स्वतःच्या संगणकासमोर बसल्या. वीस वर्षं त्यांची बटणं डाव्या कडेला होती. त्यांनी उजव्या हाताने माऊस धरला, बेंगरूळपणे, आणि एकेक बटण उजवीकडे ओढायला लागल्या. दोन वेळा बटण हातून मध्येच सुटलं. मी करून देतो म्हणालो, तर डोळे वटारले. सगळी लावून झाल्यावर त्या मागे टेकल्या.

"मास्तर जिंकले बघ," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी पुढच्या कारखान्याचा कागद काढला आणि तिथल्या माणसांची नावं विचारायला फोन लावला. बावीस जण होते. मी एकेकाचं नाव लिहून घेतलं.