वाढणाऱ्या छताखाली युसूफ सर

सकाळी साडेनऊला सरांचा बिलोलीच्या घरून फोन आला होता. "सविता, यंदा सहलीला पोरं जास्त हायत. दोन गाड्या सांगून ठेव." दुपारी त्याच नंबरावरून पुन्हा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. वाटलं, गाड्यांचंच काही असेल. पलीकडे त्यांच्या पत्नी, रेहाना भाभी होत्या. "सर गेले," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे गेले?" मला खरंच कळलं नव्हतं. भाभींना ते पुन्हा सांगावं लागलं... नमाजाआधी हातपाय धुऊन, वुजू करून उठले, भिंतीला टेकून बसले, ते बसलेच. पाच आठवडे झाले, तरी त्या दुपारच्या पुढे माझं मन सरकत नाही.

युसूफ सरांनी मला बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. मी किल्लारीची. भूकंपात आमच्या घराचं मातीचं माळवद खाली आलं आणि आई गेली. त्यानंतर कुठल्याही छताखाली बसले की माझी नजर वर जायची. सरांनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं. काही न बोलता माझी जागा दाराजवळच्या बाकावर केली. पुढे मी त्यांच्याच क्लासमध्ये शिकवू लागले.

सर दरवर्षी मुलांना आंध्रात बेलमच्या गुहेत न्यायचे. चुनखडीची, मैलभर आत जाणारी गुहा. पालक कुरकुरायचे, परीक्षेत याचे मार्क किती? सर हसून सोडून द्यायचे. फळ्यावरचं समीकरण पोरांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत मुरतं, चुनखडी विरघळवतं आणि गुहेत थेंब लोंबकळला की तो चुना पुन्हा मागे ठेवतं.

शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मी उतरायच्या पायऱ्यांवरच थांबले. पाय उचलेना. सरांनी मुलांना वाटाड्याबरोबर पुढे पाठवलं आणि माझ्या शेजारी बसले. त्यांच्याही कपाळावर घाम होता, पण ऊन कडक होतं. इंग्रजांच्या मोजणीदारानं ही गुहा कागदावर आणली, त्याच्या कितीतरी आधी बौद्ध भिक्खू इथं राहून गेले, त्यांची मातीची भांडी आत सापडली, असं बरंच सांगत राहिले. मग म्हणाले, "चल. दहा पावलं. न्हाई जमलं तर दोघंबी परत येऊ."

आत दमट उकाडा होता. एका दालनात छतापासून वडाच्या पारंब्यांसारखे दगड उतरले होते. मी वर बघून थिजले. "सर, हे पडणार."

"पडून न्हाई राहिलं, बेटा. वाढून राहिलंय. बोटाच्या पेराएवढं वाढायला शेकडो वर्षं... हात नको लावू, वाढ थांबते."

त्यांनी माझा हात धरला होता. तळवा बर्फासारखा थंड होता. मला वाटलं, माझाच असेल. त्या दिवशी आम्ही तळाच्या पाण्यापर्यंत गेलो. बाहेर आल्यावर मी रडले आणि नंतर भरपेट जेवले. त्यानंतर एकही सहल मी चुकवली नाही.

मागच्या रविवारी मी भाभींना भेटायला बिलोलीला गेले. बोलता बोलता मी म्हणाले, सरांना गुहेची फार आवड होती. भाभी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"आवड? सहलीच्या आधी दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. भूकंप झाला त्या सकाळी सर लातुरातून मिळेल त्या ट्रकनं मदतीला गेले होते. कुठल्याशा गावात ढिगाऱ्याखाली एक बाई बोलत होती. सर सरपटत आत गेले. हाताला हात लागला, पण वरचा दगड हलेना. बाई बोलायची थांबली तरी ते हात सोडीनात. लोकांनी पाय धरून बाहेर ओढलं.

"कुठलं गाव, भाभी?"

"नाव कधी काढलं न्हाई. मीबी इचारलं न्हाई."

इतकी वर्षं मी समजत होते, सर माझ्यासाठी पायरीवर बसले होते. निघताना मी सवयीनं बाहेरचं दार ओढून घेऊ लागले, तेव्हा भाभींनी मागून हाक मारली.

"राहू दे. भूकंपापासून हे दार लावलेलं न्हाई. त्यांना लावलेलं सोसत नव्हतं." जरा थांबून म्हणाल्या, "आता मी एकटीच हाय. लोक म्हणतात, कडी लाव. दाराजवळ जाते... अन् परत येते."