उसना न जाणारा माईक

आमच्या घरातली कोणतीही वस्तू माझी एकटीची नाही, आणि त्याबद्दल माझी फारशी तक्रारही नाही. मोठी कढई गावातल्या प्रत्येक बारशाला जाऊन येते. शिडी सध्या कुणाकडे आहे, हे गरज पडली की गल्लीत विचारत फिरावं लागतं. देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावात असंच चालतं. पण माईकच्या बाबतीत मी हट्टाला पेटले. ते का, हे सांगायचं तर आधी आमच्या गायन पार्टीबद्दल सांगायला हवं.

पार्टी माझ्या धाकट्या दिराची. भावजींचा आवाज खणखणीत, राहणी झोकदार, बोटांत अंगठ्या. एप्रिलमधल्या जयंतीच्या हंगामात सेलू, पूर्णा, कुठकुठून बोलावणी येतात. एक ढोलकीवाला, एक पेटीवाला, आवाजाच्या मशीनवर बसणारा एक ऑपरेटर आणि मागे कोरसला आम्ही चौघी. मी दिवसा अंगणवाडी सांभाळते आणि संध्याकाळी कोरस. पुढच्या माणसाने म्हटलेली ओळ आपण परत म्हणायची आणि तो दम खाईपर्यंत लोकांना धरून ठेवायचं, एवढंच ते काम. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ते करते आहे.

गाणी मात्र माझी असतात. हे पार्टीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि पार्टीबाहेर कुणालाच नाही. लेकरांना खिचडी वाढता वाढता मला ओळ सुचते, चालही तिच्याबरोबरच येते. घरी भाकरी थापताना मी ती म्हणते, भावजी दारात उभे राहून फोनमध्ये घेतात आणि पुढच्या कार्यक्रमात म्हणतात. गाणं कुणी लिहिलं, असलं काही स्टेजवरून सांगायची आमच्यात पद्धत नाही. भावजी लबाड माणूस नाहीत. कढई जशी घरची तसं गाणंही घरचं, असं त्यांना मनापासून वाटतं.

माझं बिनसलं ते आईवर केलेल्या गाण्यावरून. माझी आई कापूस वेचायला जायची आणि दुपारच्या सुट्टीत बांधावर बसून काडीने मातीत अक्षरं गिरवायची. मोठेपणी, लेकरं झाल्यावर, ती लिहायला शिकली. 'वेचून कापूस बोटं माझी फाटली, त्याच बोटांनी मी पाटी गाठली,' असं त्या गाण्याचं धृपद. भावजींनी ते पहिल्यांदा पूर्णेला म्हटलं. बायका पदराने डोळे पुसत होत्या, पुरुष उठून नोटा लावत होते. मी मागे उभी राहून बघत होते. गाण्यातली बाई म्हणत होती बोटं माझी फाटली, आणि माईकवरच्या बोटांत अंगठ्या चमकत होत्या. मला इतका संताप आला की पुढची ओळ मी म्हटलीच नाही. मी गप्प आहे हे कुणाला कळलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगून टाकलं, "हे गाणं मी एकटी म्हणणार. घरी रेकॉर्ड करणार. जयंतीच्या आत लोकांनी ते माझ्या आवाजात ऐकायचं."

नवरा सेलूच्या कापूस जिनिंगमध्ये कामाला आहे. दिवसभर यंत्राच्या घरघरीत उभं राहून त्याला मोठ्याने आणि थोडकं बोलायची सवय लागली आहे. "म्हण की!" तो ओरडला. "मी कुटं आडवा आलोय?"

भावजींच्या कानावर गेलं तेव्हा ते तर खूशच झाले. "वैनी, माईक घ्याच. फक्त कार्डलेस घ्या, हातातला. मंजी पार्टीला बी कामाला यील."

इथेच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बचत गटाच्या बैठकीसाठी मागे एकदा मी माईकवाला छोटा स्पीकर घेतला होता. तो आधी एका बारशाला गेला, मग हळदीला, मग कुणाच्या तरी वरातीला. परत आला तेव्हा माईकची जाळी चेपलेली होती आणि तिला गुटख्याचा असा वास येत होता की तोंडाजवळ धरवेना. त्याबद्दल बोलले तर सगळे हसले. माईक म्हणजे काय, सार्वजनिक वस्तू! तर या वेळी असा माईक हवा होता, जो कुणी मागितला तरी त्याला उपयोगाचा नसेल. असा असतो का, हेच मला माहीत नव्हतं.

परभणीच्या बाजारातल्या दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलंच नाही. "कोन गाणार हाय, साहेब?" त्याने नवऱ्याला विचारलं. नवऱ्याने अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं. मग दुकानदाराने रंगीत दिवे लागणारा एक माईक काढला. "ताई, ह्यो घ्या. इको हाय ह्याला. आवाज गोड लागतो."

"मला गोड करायचा न्हाई," मी म्हटलं. "हाय तसाच पायजे."

तेव्हा कुठे त्याने खालच्या कपाटातून कंडेन्सर काढले. स्टँडवर लावायचे, हातात न धरायचे, भरल्या वांग्याएवढ्या डोक्याचे माईक. त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला आणि मी दचकले. वरच्या पंख्याची कुरकुर, रस्त्यावरची रिक्षा, शेजारी उभ्या नवऱ्याचा श्वास, सगळं कानात शिरलं. सवयीने मी माईक गच्च धरून तोंडाला लावायला गेले तर दुकानदार किंचाळलाच. "ताई, लांब! वीतभर लांब! ह्याला सगळं आयकू येतं." कोरसमधल्या बाईला असं वाक्य कुणी कधी ऐकवलं असेल का? मला तो माईक तिथेच आवडला.

दोन प्रकार होते. एक सरळ फोनला जोडायचा. "लय सोपा, ताई. कुटं बी न्या, कुनाला बी द्या," दुकानदार म्हणाला. मी तो लगेच बाजूला सारला. दुसऱ्याला जाड वायर आणि फोनच्या मधे जोडायचा एक काळा डबा लागत होता. त्या डब्यातून माईकला करंट मिळतो. त्याला फँटम म्हणतात, असं त्याने समजावलं.

"आन डबा सोडून नुसता माईकच कुणी नेला तर? आमच्या पार्टीच्या मशीनला लावला तर?"

"त्या मशीनीतून करंट मिळत न्हाई. मुका ऱ्हाईल. एक शब्द यायचा न्हाई."

"हाच द्या," मी म्हटलं. दुकानदार गोंधळला. माईक निवडण्याचं हे कारण त्याला आजवर कुणी सांगितलं नसावं. नवरा मात्र दुकानाबाहेर येईपर्यंत हसत होता.

व्हायचं ते झालंच. एका हळदीच्या कार्यक्रमाआधी भावजी घरी आले. "वैनी, तेवढा नवा माईक द्या. एका रातीचा सवाल हाय."

मी माईक दिला, वायर दिली. डबा मागितला नाही, म्हणून दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी पडलेल्या चेहऱ्याने माईक घेऊन आले. सगळ्यांनी आळीपाळीने हॅलो हॅलो करून पाहिलं, फुंकून पाहिलं, टिचक्या मारून पाहिल्या. "दुकानदारानं फसवलं तुमाला. ह्यो निकामी हाय."

"असंल," मी म्हटलं आणि पदराने तो पुसून ठेवला. वहिनी फसल्या ही बातमी गावभर झाली. दुकानातून आणताना काय बघितलं, बाईमाणसाने असल्या भानगडीत पडू नये, वगैरे. मी काही खुलासा केला नाही. मला मजा येत होती.

घरात रेकॉर्डिंग मध्यरात्रीच करा, असं फोनवरच्या व्हिडिओत सगळेच सांगतात. मी काय चोरी करत होते? मी सुट्टीच्या दिवशी भरदुपारी बसले. खोलीच्या चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, कूलर बंद केला. भरतकामाच्या रिंगला ओढणी ताणून माईकपुढे अडकवली, म्हणजे प आणि फ म्हणताना माईकला श्वासाचा फटका बसत नाही. घामाने पाठ भिजली. फाट्यावरचा ट्रक हॉर्न वाजवायचा की ओळ पुन्हा. ट्रक गेले तर बांगड्या. हात जरा हलला की किणकिण. शेवटी मी बांगड्या उतरवून ठेवल्या.

सासूबाई पाणी द्यायला आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. "आगं, नवरा जित्ता असताना हात मोकळे?"

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. "काढू दे की! मी काय बांगड्यांवर जगायलोय का?"

सासूबाई पाणी ठेवून चरफडत गेल्या. मी पुन्हा सुरुवात केली, आणि त्या दुपारी गाणं एका दमात झालं. गाताना हेडफोनमध्ये स्वतःला ऐकलं तर आधी वाटलं ही दुसरीच कुणी बाई आहे. जाडाभरडा, थोडा घोगरा आवाज, वरच्या सुरात जरा फाटणारा. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणाऱ्या बाईचा आवाज. माझ्या आईचा असाच होता. शेवटची ओळ संपताच मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि माईक चालू असल्यामुळे तेही रेकॉर्ड झालं. ते तेवढं काढून टाकलं. बाकी एका अक्षराला हात लावला नाही.

भावजींना मीच बोलावून ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मान डोलावली. "लय भारी, वैनी. माईक तर जबरदस्त निघाला, डब्याचा घोळ व्हता व्हय. चाल आता पक्की झाली. आता हितंच मला म्हणू द्या, मंजी पार्टीचं पक्कं रेकॉर्डिंग हुईल."

"न्हाई," मी म्हटलं.

"कामून?"

"म्हणून झालंय हे गाणं."

"वैनी, गाणं पार्टीचं हाय."

"बोटं कुणाची फाटली भावजी? पार्टीची?"

कोरसमधून इतकं लांब वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "मग मी जयंतीला काय म्हणू?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या आईवर तुमी लिवा. भाईर बसल्यात त्या."

भावजी चहा न घेता गेले. ते फाटकाबाहेर पडायच्या आत मी गाणं पाठवून दिलं होतं : अंगणवाडीच्या बायकांना, बचत गटाला, माहेरच्या सगळ्यांना. तिथून ते कुठे कुठे गेलं, मला माहीत नाही. आवाज पुरुषी आहे, असंही कुणीतरी म्हटलं. म्हणोत बापडे.

जयंतीला भावजींनी मला कोरससाठी बोलावलं नाही. मी समोर बायकांत बसले, सासूबाईंच्या शेजारी. दोन-तीन गाणी झाल्यावर बायकांतून आवाज आला, "कापसाचं गाणं म्हणा!" भावजींनी दुसरंच सुरू केलं. ते संपलं तर पुन्हा तीच मागणी, आता पुरुषांकडूनही. भावजी थांबले. त्यांनी पेटीवाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ते गाणं माझं न्हाई," ते माईकवर म्हणाले. "आमच्या वैनींचं हाय. लिवलं त्यांनी, चाल बी त्यांची. त्या समोर बसल्यात."

सगळ्या माना वळल्या. सासूबाईंनी मला कोपर मारलं, "उठ की."

मी उठले नाही. हात वर केला आणि बसल्या जागेवरून, लांब हाक मारतात तशी, ओरडले, "भावजी, मागच्यांना आयकू आलं न्हाई. परत सांगा."

भावजींनी परत सांगितलं. मग मी उठले.