डब्यातली मोकळी जागा

ज्या डब्यावर मी दोन वर्षं घालवली, तो मुठीत मावतो. पृथ्वीभोवती फिरणारं यान उन्हात असतं तेव्हा आरशांनी गोळा केलेल्या उन्हानं त्यातला क्षार वितळतो. यान पृथ्वीच्या सावलीत गेलं की क्षार गोठता गोठता तीच उष्णता परत देतो आणि वीज चालू राहते. वितळताना क्षार फुगतो, म्हणून डब्यात थोडी जागा मोकळी ठेवायची. ती कुठे ठेवायची, हे माझं काम.

मी ती वरच्या टोकाला ठेवली. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. माझे बाबा मुलुंडच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर पाणी तापवायचे सोलर बसवतात. हवा वर चढते, म्हणून हवेची नळी सगळ्यात वर, हा त्यांचा नियम मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या चाचण्यांत डबा ठणठणीत राहिला. सोमवारी माझ्या सहीनं ड्रॉइंग कारखान्यात जाणार होतं.

रविवारी सकाळी बाबांना जेवण द्यायला त्यांचं काम चालू होतं त्या गच्चीवर गेले आणि फुशारकी मारली, "बाबा, तुमचीच युक्ती आता आकाशात चाललीय."

बाबा खूश झाले. पाना खाली ठेवून म्हणाले, "पण थंय वर म्हणजे खंय गो?"

मी हसले. मग हसू गेलं. तिथे वर म्हणजे कुठे? तिथे वजनच नाही, तर वर-खाली कुठून असणार? इथे मोकळी जागा आपोआप वर येत होती, म्हणून आम्ही पास होत होतो. तिथे ती कुठेही जाऊन बसेल, आणि ऊन भलत्याच बाजूनं आलं तर वितळून फुगलेल्या क्षाराला जागाच मिळणार नाही आणि तो डबा फोडेल. जेवणाच्या डब्याखालच्या कागदावर मी चित्र काढलं. उभं, आडवं, उलटं. दरवेळी माझा हात जागा वरच दाखवत होता. डोकं पार भंजाळलं. रडू येत होतं आणि रागही, कोणाचा ते कळेना.

प्रयोगशाळेतल्या आमच्या साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग जागा ठेवायची कुठे?"

"माहीत नाही, सर."

"सही करू नकोस."

बाबा ऐकत होते. हळूच म्हणाले, "माझ्यामुळे चुकलां काय गो?"

 चूक त्यांच्या नियमानं झाली होती आणि सापडली त्यांच्याच प्रश्नानं. मी नुसता पाना उचलून त्यांच्या हातात दिला. बाबांनी हवेची नळी बसवली, सगळ्यात वर, नेहमीसारखी. आणि मग कधी नव्हे ते तिच्याकडे बघत उभे राहिले.