नावातली बाई

उंद्रीच्या रुखमाबाईच्या तोंडी लागू नये, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवरा गेला तेव्हा भावकी शेत मागायला आली आणि आल्या पावली परत गेली. विहीर तिची, मोटर तिची, वांग्याची वाडी तिची. आणि नव्वद सालच्या भर उन्हाळ्यात नव्या लाइनमननं त्याच मोटरची वायर कापली. का, तर म्हणे रुखमा इंगळे मयत.

अरे, मयत तो भावकीतला रुखमाजी इंगळे. त्याच्या पोरांनीच त्याची मोटर बंद करायचा अर्ज दिला होता. जित्या बाईचं पाणी तोडताना बांधावर उभी बाई दिसली नाही का त्या आंधळ्याला? पण कागद म्हणेल ते खरं. वांग्यांनी माना टाकल्या, तशी रुखमाबाई तणतणत तालुक्याच्या वीजकचेरीत गेली.

तिथं नव्या कॉम्प्युटरवर दयाराम बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "मावशी, समदी नावं शहरातल्या मोठ्या कॉम्प्युटरातून येतात. ह्या लहान्यात आणाची तं फ्लॉपीत मावली पाहिजे. मावत नव्हती. म्हणून म्या दाबून लहान केली. राव, जी, बाई समद्याइच्याच नावात असते, ते काढून टाकलं. जागा वाचली."

म्हणजे रुखमाजीचा झाला रुखमा आणि रुखमाबाईची झाली रुखमा. यंत्रानं दोघांचं एकच खातं केलं, तेही मेलेल्याचं.

रुखमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माही वाडी जयून राह्यली, अन् तुही जागा वाचली?"

"अर्ज देऊन जा. पुढच्या महिन्याच्या फ्लॉपीत दुरुस्त होईन."

वांगी काय महिनाभर दम धरतात? ती समोरची खुर्ची ओढून बसली. "बरं, दया."

"दयाराम म्हणा."

"राम तं समद्याइच्याच तोंडी असते बे. काढून टाकला. जागा वाचली."

कचेरीत खसखस पिकली. ती हसली नाही. "दया, पाणी दे. दया, साहेबाले बोलाव." दुपारपर्यंत तिनं हाच धोशा लावला. शेवटी दयारामनं चरफडत कॉम्प्युटरात स्वतःच्या हातानं 'बाई' पुन्हा लिहिली आणि लाइनमनला उंद्रीला पिटाळलं.

मोटर सुरू झाली, पण अर्धी वाडी गेली ती गेलीच. पुढच्या बाजारी रुखमाबाई दोनाऐवजी एकच टोपलं घेऊन बसली होती. दयाराम वांगी घ्यायला आला. हळूच म्हणाला, "मावशी, कचेरीत समदे मले दयाच म्हणून राह्यले. आता तरी दयाराम म्हणा."

तिनं दुसऱ्या टोपल्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"अर्ज देऊन जाय," ती म्हणाली. "पुढच्या महिन्याले पाहू."